डाव्या हाताची गाठ

"पियानो परत कधी यायचा म्हणायचा?" शेंगा निवडता निवडता बायकोने विचारलं. रेकॉर्ड लागली होती. डाव्या स्पीकरमधून व्हायोलिन एकटंच वाजत होतं आणि उजवा स्पीकर तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखा गप्प होता.

गाठोबांनी मान वर केली. "म्हणजे? उजवी बाजू बंद आहे की काय?"

बायकोचा शेंगेवरचा हात थांबला. तिने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा दारात उभ्या असलेल्या लेकीकडे पाहिलं आणि म्हणाली, "हो. बंद आहे." मग ती पुन्हा शेंगा मोडायला लागली.

गाठोबा हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये वायरमन होते तेव्हा मित्रांनी ठेवलेलं. तेव्हा एक्स्चेंज म्हणजे कपाटाएवढे रॅक आणि त्यांतून धावणाऱ्या अगणित वायरी. या वायरींच्या जुड्या मेण लावलेल्या दोऱ्याने बांधाव्या लागत. प्लास्टिकच्या पट्ट्या फार नंतर आल्या. जुडी अशी बांधायची की वायर हलता कामा नये आणि दबताही कामा नये. या कामात गाठोबांचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यात ते डावखुरे, त्यामुळे त्यांची गाठ बाकीच्यांच्या गाठींपेक्षा उलट्या अंगाला वळायची. दुसऱ्या पाळीचा माणूस रॅक उघडायचा, उलटी गाठ बघायचा आणि म्हणायचा, "इथे गाठोबा पावलेले दिसतात." तेव्हापासून नाव पडलं ते पडलंच.

एक्स्चेंजमध्ये दोऱ्याचे रंगही ठरलेले असत. नेहमीच्या बांधणीला पांढरा दोरा. पण एखादी वायर बिघाडामुळे मुद्दाम सोडवून ठेवली, तर तिच्या उघड्या टोकावर प्लास्टिकची नळी, म्हणजे स्लीव्ह, चढवायची आणि ती लाल दोऱ्याने जुडीला मागे बांधायची. लाल दोरा दिसला की दुसऱ्याने हात लावायचा नाही. आधी बांधणाऱ्याला गाठायचं, का सोडवली ते विचारायचं, मगच जोडायची. हा नियम मोडून एकाने वायर जोडली आणि अख्खा रॅक जळाला, ही गोष्ट गाठोबा प्रत्येक नव्या माणसाला सांगत. बहुधा ती घडलीच नसावी, पण सांगताना ते स्वतः इतके घाबरत की ऐकणाऱ्याचा विश्वास बसे.

बायको त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर ऑपरेटर होती. कानाला हेडफोन, समोर बोर्ड, आणि दिवसभर लोकांच्या तारा एकमेकांना जुळवून द्यायच्या. तिच्या खात्याचा नियम त्याहून कडक. कानावर पडलं ते पोटात ठेवायचं. गावातली किती भांडणं, किती प्रेमप्रकरणं तिच्या कानांवरून गेली असतील, पण एक अक्षर तिने कधी घरी आणलं नाही. गाठोबा तिला चिडवायचे, "आमचं एक्स्चेंज बंद पडलं तरी चालेल, हिच्या पोटातलं चालूच असतं."

निवृत्तीनंतर त्यांनी रेकॉर्डचा आवाज मोठा करून स्पीकरला देणारा हा अँप्लिफायर बांधायला घेतला. बाजारात तळहातावर मावेल असा मिळत असताना जुन्या पद्धतीचा, काचेच्या व्हॉल्व्हचा, दोन्ही हातांनीही पुरता उचलता न येणारा. अॅल्युमिनियमचा पत्रा कापून, वाकवून त्याची चासी, म्हणजे सांगाडा, केली. वर ट्रान्सफॉर्मर आणि व्हॉल्व्ह, खाली वायरिंग. डावी बाजू आणि उजवी बाजू आरशात पाहिल्यासारख्या सारख्या. लोक असलं यंत्र वरून दाखवतात, पेटलेले व्हॉल्व्ह दिसतात म्हणून. गाठोबा पाहुणा आला की ते उलटं करायचे आणि खालची बांधणी दाखवायचे. पाहुण्याला त्यातलं काही कळायचं नाही, पण एवढं उलथंपालथं केल्यावर वा म्हणणं भाग असायचं.

तर अशा माणसाला आपल्या यंत्राची एक बाजू बंद आहे हे बायकोने विचारल्यावर कळलं, आणि तेही लेकीसमोर.

लेक दर शनिवारी यायची, बहुतेकदा जावयाबरोबर. पूर्वी ती भेटायला यायची, अलीकडे पाहणी करायला येते असं गाठोबांना वाटे. मागच्या खोलीत खिडकीशी त्यांचं टेबल होतं. त्या टेबलाच्या कडेला हाताएवढा काळा डाग पडला होता. सोल्डरिंगचं आयर्न चालू ठेवून गाठोबा फिरायला गेले होते, त्याची ती खूण. त्याआधी एकदा त्यांना कोपऱ्यावरच्या दुकानातून घरी यायला इतका वेळ लागला की बायको रस्त्यावर येऊन उभी राहिली. रस्ता चुकलो नव्हतो, जरा फिरून आलो, असं त्यांनी सांगितलं. घाम मात्र पळून आल्यासारखा आला होता.

लेकीने त्या दिवशी पुन्हा तोच विषय काढला. हे टेबल आता आवरून टाकू या. आयर्न, मीटर, तारा, सगळं कुणाला तरी देऊन टाकू. आत तीनशे व्होल्ट असतात असं तुम्हीच सांगता ना? उद्या विसरलात आणि हात लागला तर? तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच गाठोबांना जास्त लागलं. राग असता तर भांडता आलं असतं.

"ठके," ते म्हणाले. लेक लहानपणी लाकडी बाहुलीसारखी ताठ बसायची, तेव्हापासून ती त्यांची ठकी. "पुढच्या शनिवारी ये. उजवी बाजू वाजवून दाखवतो. कुणाची मदत न घेता. नाही वाजली तर टेबल तुझं. वाजली तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

"आणि जमलं नाही, तर रुसायचं नाही."

"रुसतो कोण?"

"तुम्ही," मायलेकी एकदमच म्हणाल्या.

बंद बाजू शोधण्याची रीत साधी आहे. दोन्ही बाजू सारख्या, त्यांतली एक चांगली. मग एकेक वस्तू इकडची तिकडे करून बघायची. दोष वस्तूबरोबर पलीकडे गेला तर वस्तूच खराब. दोष जागेवरच राहिला तर ती वस्तू सुटली, पुढची घ्यायची. अट एकच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, निकाल बघायचा, आणि ती परत जागेवर ठेवूनच पुढे जायचं. गाठोबांनी हे आयुष्यभर केलं होतं. हा त्यांच्या हातचा मळ होता.

पहिल्या दिवशी त्यांनी रेकॉर्ड प्लेअरकडून येणाऱ्या दोन वायरी अदलाबदल केल्या. आता पियानो डावीकडून वाजायला लागला, पण उजवी बाजू मुकीच. म्हणजे दोष रेकॉर्ड प्लेअरकडचा नाही. मग स्पीकर बदलून पाहिले. स्पीकरही ठणठणीत. मन हलकं झालं. जेवताना त्यांनी बायकोला सगळं समजावून सांगितलं, आणि ती नेहमीसारखी मन लावून ऐकत राहिली. मध्येच म्हणाली, "खालून उघडून बघणार ना?"

"उघडीन की. आधी व्हॉल्व्ह बघतो. घाई कशाला?"

"तसं नाही. उघडाल तेव्हा नीट बघा, एवढंच." असं म्हणून तिने भांडी उचलली.

व्हॉल्व्हच्या दिवशी घोळ झाला. यंत्र बंद करून, थंड होऊ देऊन, त्यांनी फडक्यात धरून उजवीकडचा मोठा व्हॉल्व्ह काढला, डावीकडचा काढला, आणि तेवढ्यात दाराची बेल वाजली. पाण्याचा मीटर बघणारा आला होता. त्याला मीटर दाखवून, दोन शब्द बोलून ते परत आले. टेबलावर फडकं, फडक्यात दोन व्हॉल्व्ह. एक उचलला. मग दुसरा उचलला. दोन्ही हातांत एकेक व्हॉल्व्ह घेऊन ते तसेच उभे राहिले. कुठला कुठून काढला, याचा पत्ता नव्हता.

नुसतं तेवढंच असतं तर चाललं असतं. कुणाचंही होतं. पण आपण ही अदलाबदल आत्ता पहिल्यांदा करतोय की सकाळी एकदा केली होती, हेही त्यांना आठवेना. सकाळी केली असेल तर आता लावताना ते पुन्हा मूळ जागी जातील आणि निकाल खोटा येईल. केली नसेल तर खरा येईल. एक्स्चेंजमध्ये हजारो वायरींच्या जुडीत नेमकी हवी ती वायर बोटाने ओळखणारा हा माणूस दोन व्हॉल्व्हपुढे हरला होता. ते खुर्चीवर बसले आणि खिडकीतून समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींकडे बघत राहिले.

शेवटी त्यांनी एक युक्ती केली. लेकीच्या जुन्या खणात नखं रंगवायची लाल बाटली होती, तिच्यातल्या रंगाने त्यांनी एका व्हॉल्व्हच्या बुडाला ठिपका दिला आणि सगळं पहिल्यापासून सुरू केलं. वायरी, स्पीकर, व्हॉल्व्ह. प्रत्येक वेळी यंत्र चालू, व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबा, ऐका, बंद, थंड होऊ द्या. स्वयंपाकघरात बायकोला बटणाचा खटका ऐकू जात होता. तीच तपासणी ते पुन्हा करताहेत, हे तिला कळलं असणार. ते जेवायला उठले तेव्हा तिने टेबलाशी जाऊन आयर्नचा प्लग काढला. गाठोबांनी ते आरशात पाहिलं आणि ते जेवायला बसले.

दोन्ही व्हॉल्व्ह चांगले निघाले. म्हणजे दोष आत होता, खालच्या वायरिंगमध्ये.

शनिवार उजाडला. दुपारी त्यांनी यंत्र उलटं करून लाकडी ठोकळ्यांवर ठेवलं. ते चालू केलं आणि व्होल्ट मोजायचा मीटर काढला. अशा यंत्राच्या पोटात हात घालताना दुसरा हात खिशात ठेवायचा, हा जुना नियम. दोन्ही हात लागले तर विजेची वाट छातीतून जाते. गाठोबा डावखुरे, म्हणून त्यांचा उजवा हात खिशात गेला, न सांगता गेला. ते त्यांनाच बरं वाटलं. हाताला अजून सगळं आठवत होतं.

डाव्या बाजूच्या ट्रान्सफॉर्मरवर टोक टेकवलं. मीटरचा काटा झोकात तीनशेवर गेला. उजव्या बाजूला टेकवलं. काटा ढिम्म हलला नाही.

त्यांनी पुन्हा टेकवलं. शून्य. उजव्या बाजूला मोठा दाबच पोचत नव्हता. व्हॉल्व्ह पेटत होते कारण त्यांच्या उजेडाची वीज वेगळी येते. वरून बघणाऱ्याला सगळं जिवंत वाटत होतं. गाठोबांनी बटण बंद केलं, साठलेली वीज रेझिस्टर लावून उतरवली, मीटरने खात्री केली आणि चष्मा वर ढकलून उजव्या ट्रान्सफॉर्मरकडून निघालेल्या लाल वायरीचा माग काढायला सुरुवात केली. वायर जुडीत शिरली. जुडी कोपऱ्यात वळली.

तेवढ्यात लेक आणि जावई आले.

जावई शाळेत भूगोल शिकवायचा. उंच, वाकून चालणारा, सासऱ्याच्या यंत्राला कौतुकाने पण जरा लांबूनच बघणारा. तो स्टूल ओढून बसला. लेक दाराला टेकून उभी राहिली. बायको हात पुसत आली आणि नेहमीच्या खुर्चीत, कडेला बसली.

गाठोबांची बोटं जुडीच्या खाली गेली आणि थांबली. वायर सापडली होती. पण ती तुटली नव्हती, जळली नव्हती. ज्या टॅगला, म्हणजे धातूच्या पट्टीला, ती जोडलेली असायला हवी तो टॅग रिकामा होता, स्वच्छ होता. वायरीचं टोक सोडवून त्याच्यावर स्लीव्ह चढवली होती आणि ते जुडीच्या मागे, सहज दिसणार नाही असं, बांधून टाकलं होतं.

त्यांच्या कानशिलांत गरम झालं. हा बिघाड नव्हता. हे कुणीतरी केलं होतं.

"जावईबापू," ते मान वर न करता म्हणाले, "गेल्या शनिवारी मी झोपलो होतो तेव्हा तुम्ही या टेबलावर बसला होतात. काय करत होता?"

"हिच्या चष्म्याचा स्क्रू बसवत होतो."

"चष्म्याचा स्क्रू माझ्या अँप्लिफायरमध्ये होता का?"

जावयाला वाटलं थट्टा चालली आहे. "बाबा, घरचा फ्यूज उडाला तर मी शेजाऱ्यांना बोलावतो. ते येईपर्यंत अंधार पूर्वेला जास्त आहे की पश्चिमेला, तेवढं सांगू शकतो."

"ही वायर सोडवलीय. वर माझाच दोरा वापरून बांधलीय." आता त्यांचा आवाज चढला. "पैज जिंकायची होती तर सरळ सांगायचं, म्हाताऱ्या, तुझं टेबल आम्हाला नको, म्हणून. चोरून येऊन वायरी सोडवायची काय गरज होती?"

स्टुलावरचं हसू विझलं. पैज लागायच्या आधीपासून बाजू बंद होती, एवढी साधी गोष्टसुद्धा गाठोबांच्या ध्यानात आली नाही. जावयाने तीही काढली नाही. तो उठला. "मी हात लावलेला नाही," एवढंच म्हणाला आणि बाहेरच्या गॅलरीत जाऊन उभा राहिला.

"बाबा, पुरे झालं," लेक म्हणाली. तिचे डोळे भरले होते. मग ती आईकडे वळली. "आई, तू तरी काही बोल."

बायकोने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "मी काय बोलू?" ती म्हणाली. आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी असं होतं, की एरवी गाठोबा तिथेच थांबले असते. पण राग माणसाला पुढे ढकलतो. त्यांनी कटरने दोरा कचकन कापला, स्लीव्ह ओढून काढली, आयर्न तापवलं आणि वायर टॅगला जोडून टाकली. जोड आरशासारखा चमकला. यंत्र सुलटं केलं, व्हॉल्व्ह तापू दिले आणि रेकॉर्डवर सुई ठेवली.

डावीकडून व्हायोलिन निघालं. आणि मग उजवीकडून, लांबच्या खोलीतून कुणी चालत यावं तसा, पियानो आला.

लेकीने डोळे पुसले. कितीही झालं तरी हा आवाज तिच्या बापाने बांधला होता. "जिंकलात," ती म्हणाली. "टेबल राहू दे. पण त्याला तुम्ही जे बोललात ना, ते मला नाही आवडलं." आणि ती नवऱ्याला समजवायला गॅलरीत गेली.

गाठोबा खुर्चीत मागे रेलले. जिंकल्यावर जसं वाटायला हवं तसं मात्र वाटत नव्हतं. त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती रेकॉर्ड ऐकत नव्हती. ती अँप्लिफायरच्या उजव्या कोपऱ्याकडे एकटक बघत होती, जणू चुलीवरचं दूध उतू जाण्याची वाट बघत होती. पियानो जरासा फाटल्यासारखा यायला लागला. काहीतरी तापल्याचा वास आला. आणि गाठोबा उठायच्या आत ती उठली, भिंतीपाशी गेली आणि तिने प्लग उपटून काढला.

दोन्ही स्पीकर हळूहळू मावळले. उजवीकडच्या मोठ्या व्हॉल्व्हच्या आतला करडा पत्रा, ज्याला प्लेट म्हणतात, निखाऱ्यासारखा लाल झाला होता. त्यांच्या डोळ्यांदेखत तो काळवंडत गेला. आणखी थोडा वेळ चालू राहिला असता तर व्हॉल्व्ह गेला असता, त्यामागून ट्रान्सफॉर्मर गेला असता.

"तुला कसं कळलं?" त्यांनी विचारलं.

तिने टेबलावरचा कापलेला दोरा उचलला आणि त्यांच्यापुढे धरला.

रागाच्या भरात त्यांनी तो नीट पाहिलाच नव्हता. लाल दोरा. मेण लावलेला. आणि गाठ उलट्या अंगाला वळलेली. जगात ही गाठ मारणारे दोनच हात होते, आणि त्यातल्या डाव्याने त्यांनी आत्ता तो दोरा तिच्याकडून घेतला.

"मी?" ते म्हणाले.

"हो."

"कधी?"

"झाला महिना. लाईट घालवून मला दाखवलंत तुम्ही, हा पत्रा कसा लाल होतोय ते." मग ती ऑपरेटरच्या त्या जुन्या, सपाट आवाजात, ऐकलेलं जसंच्या तसं सांगायला लागली. "म्हणालात, कपॅसिटर गळतोय. नको ती वीज व्हॉल्व्हमध्ये जातेय. नवा मिळेपर्यंत ही बाजू तोडून ठेवतो, नाहीतर ट्रान्सफॉर्मर जाईल. मग कपॅसिटर आणायला म्हणून बाजारात गेलात आणि दिव्याचे दोन बल्ब घेऊन आलात. त्यानंतर कपॅसिटरचं नाव काढलं नाहीत. म्हणून त्या दिवशी मी विचारलं, पियानो परत कधी यायचा."

गाठोबांनी आठवून पाहिलं. अंधार केलेली खोली, लाल पत्रा, शेजारी बायको. काहीच सापडेना. नुसतं धुकं असतं तर त्यात हात तरी फिरवता आला असता. इथे भिंतच कोरी होती.

"मग सांगितलं का नाहीस?"

"ठकी दारात होती. तिच्यासमोर सांगितलं असतं तर त्याच दिवशी टेबल गेलं असतं तुमचं." ती खुर्चीवर बसली. "मग वाटलं, उघडून बघाल, आपलीच गाठ दिसेल आणि आठवेल. वाट बघत राहिले. मघाशी तुम्ही त्याच्यावर घसरलात तेव्हा तोंड उघडायला हवं होतं मी. नाही उघडलं. आयुष्यभराची खोड."

"आयर्नचा प्लगही तूच काढतेस."

"काढते."

"आणखी काय काय करतेस?"

ती वाकली आणि त्यांनी ओढून टाकलेली स्लीव्ह जमिनीवरून उचलून टेबलावर ठेवली.

गॅलरीतून पावलं आली. लेक आत डोकावली. मागे जावई होता, त्याने चेहरा नीट केला होता, समजूत पटलेल्या माणसासारखा. "बंद का केलंत?" लेकीने विचारलं. "छान वाजत होतं की."

बायको आताही काही बोलणार नव्हती, हे गाठोबांना पक्कं कळलं. जरा गरम झालं म्हणून थांबवलं, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पैज जिंकलेली होती. टेबल राहिलं असतं. जावयाची माफी नंतर कधीतरी, हसत हसत मागता आली असती. त्यांनी दोरा मुठीत धरला. एक्स्चेंजमधल्या नव्या पोरांना सांगायची ती जळलेल्या रॅकची गोष्ट त्यांना आठवली. आज तो रॅक त्यांच्या घरात होता, आणि न विचारता वायर जोडणारा माणूसही तेच.

"जावईबापू, या इकडे," ते म्हणाले. "बसा."

जावई स्टुलावर टेकला. गाठोबांनी मूठ उघडून दोरा टेबलावर ठेवला. "ही वायर मीच सोडवली होती. महिन्यापूर्वी. बरोबर कारणाने सोडवली होती, आणि मला त्यातलं काहीही आठवत नाही. मघाशी जे बोललो ते..." त्यांनी टेबलावरचा दोरा बोटाने सरळ केला. "ते बोलायला नको होतं."

"राहू द्या बाबा."

"राहू द्या कसं? तुम्हाला चोर म्हणालो मी."

जावयाने खाली पाहिलं. "चोर नाही म्हणालात," तो म्हणाला. "म्हणायच्या बेतात होतात." आणि मग त्याचं त्यालाच हसू आलं, ओलं, अर्धवट.

लेक मात्र हसली नाही. ती आईकडे बघत होती. "तुला माहीत होतं," ती म्हणाली. "किती दिवस? किती गोष्टी?" आईने मान हलवली, त्यातून हो की नाही ते कळलं नाही. लेक तिच्या खुर्चीच्या हातावर बसली आणि तिने आईचा हात धरला. मघाशी रागाने भरलेले डोळे आता भीतीने भरले होते. गाठोबांना वाटलं, हे बघण्यापेक्षा टेबल गेलेलं परवडलं असतं.

त्यांनी यंत्र पुन्हा उलटं केलं. साठलेली वीज उतरवली. पण या वेळी मीटर त्यांनी जावयाच्या हातात दिला. "शून्य आहे का बघा. मी म्हणतो म्हणून नाही. तुम्ही बघा."

"शून्य आहे."

"पुन्हा बघा."

"शून्यच आहे, बाबा."

आयर्न तापवून त्यांनी मघाचाच चकचकीत जोड सोडवला. वायरीच्या टोकावर स्लीव्ह चढवली. लाल दोऱ्याच्या रिळातून नवा तुकडा कापला. गाठ एका दमात बसली, उलट्या अंगाला, घट्ट. जुडीच्या मागे लपवून नाही, वर, कुणालाही दिसेल अशी.

मग त्यांनी मागच्या बाजूचा फ्यूज फिरवून काढला. शेंगदाण्याएवढी काचेची नळी. ती बायकोच्या ओंजळीत ठेवली. "हा तुझ्याकडे. मला लागला तर मागीन. कशाला हवा ते आधी विचारायचं. मला सांगता आलं नाही तर द्यायचा नाही."

"मग मी आत्ता मागते तुमच्याकडे काहीतरी," ती म्हणाली. "बाजारात कपॅसिटर आणायला एकटे जाऊ नका."

"मी जातो बरोबर," जावई म्हणाला. "रस्ते तरी मला कळतात."

टेबलाचं काय करायचं, हे त्या दिवशी कुणीच काढलं नाही. लेकीची नजर टेबलाच्या कडेवरच्या काळ्या डागाकडे जात होती आणि परत येत होती. तो प्रश्न संपला नव्हता. तो आता सगळ्यांचा झाला होता, इतकंच.

गाठोबांनी टॉर्च जावयाच्या हातात दिला आणि त्याला वाकून बघायला लावलं. ही वायर. इथून सोडवली. हा कपॅसिटर, हा गळतोय, हा बदलल्याशिवाय जोडायची नाही. जावई वर्गातल्या मुलासारखा एकेक गोष्ट पुन्हा म्हणून दाखवत होता. एक-दोनदा चुकला, गाठोबांनी दुरुस्त केलं.

"नीट बघून ठेवा," ते म्हणाले. "पुढच्या वेळी मी तुम्हालाच विचारीन, हे कुणी केलं म्हणून. कदाचित ओरडून विचारीन."

जावयाने टॉर्च धरलेला हात हलू दिला नाही. "मग मी काय सांगू?"

"गाठ दाखवायची," गाठोबा म्हणाले. "आणि मी गप्प होईपर्यंत तिथून उठून जायचं नाही."